धनुष्य एक, नेमबाजीच्या तऱ्हा दोन

ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. अंतिम लढतीत ओजसने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. हे कंपाउंड धनुष्य मुळात जन्मले ते शिकारीच्या गरजेतून. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन याला हरणांच्या शिकारीसाठी अधिक वेगवान धनुष्य हवे होते. टोकांना चाके असलेल्या त्याच्या धनुष्याला १९६९मध्ये पेटंट मिळाले. अमेरिकेत आजही ते शिकार आणि स्पर्धा या दोन्ही कामांसाठी वापरले जाते, पण चालवण्याची रीत मात्र वेगळी.

स्पर्धेत अंतर ठरलेले असते: ५० मीटर. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटरचे. पाय, खांदे, जबड्याला टेकलेला हात यांत तसूभरही फरक न पडता तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची. लांब स्टॅबिलायझर धनुष्य स्थिर ठेवतात, भिंगाची साइट लक्ष्य मोठे दाखवते. खरी कसोटी बाण सोडण्याच्या क्षणी लागते. अनेक खेळाडू रिलीजचा, म्हणजे दोरी सोडणाऱ्या हातातल्या उपकरणाचा, ट्रिगर बोटाने झटकन दाबत नाहीत. पाठीचे स्नायू हळूहळू आवळत नेतात आणि बाण आपसूक सुटतो. ‘आता सोडू’ असा विचार आला की हात दचकतो आणि गुण जातो.

शिकाऱ्याला प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी सरावाचे बाण मिळत नाहीत; पहिला बाणच शेवटचा. अंतर बहुधा २० ते ४० यार्ड, पण ते जागेवरच ठरवायचे. तो झाडावरच्या मचाणात, जाड कपड्यांत, कधी बसून नेम धरतो. खाली मारताना हात न झुकवता कंबरेतून वाकावे लागते, नाहीतर नेम बिघडतो. म्हणून त्याचे धनुष्य आटोपशीर, स्टॅबिलायझर आखूड, साइटवर वेगवेगळ्या अंतरांच्या पिना. धारदार पात्यांचा बाण हवेत भरकटू शकतो, त्यामुळे सराव त्याच पात्यांनी करावा लागतो. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो आणि हरिण खाली दबते. प्राणी तिरपा उभा राहून फुप्फुसे झाकली गेली असतील, तर बाण न सोडणे हेच जाणत्या शिकाऱ्याचे लक्षण. चुकलेल्या नेमाची किंमत तिथे जखमी जनावर मोजते.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार असल्याने मैदानाकडे वळणारी मुले वाढतील. त्यांना इंटरनेटवर कंपाउंडचे जे धडे सापडतात, त्यांतले बरेचसे अमेरिकन शिकाऱ्यांचे असतात. ते जरूर पाहावेत; पण उभे राहणे आणि बाण सोडणे या दोन गोष्टी मैदानावरच्या प्रशिक्षकाकडूनच शिकाव्यात. ट्रिगर झटकन दाबण्याची सवय एकदा हाताला लागली, की ती मोडायला फार कष्ट पडतात.