भरपाईचा पैसा, हिशेब कोणाकडे?

अफूवर्गीय औषधे व अमली पदार्थांच्या अतिसेवनाने अमेरिकेत गेल्या अडीच दशकांत लाखो माणसे दगावली. त्याबद्दल औषध कंपन्या, वितरक आणि दुकानसाखळ्यांनी मान्य केलेल्या तडजोडींची रक्कम ५० अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या २६ अब्जांच्या करारात किमान ८५ टक्के पैसा उपचार, प्रतिबंध अशा कामांवरच खर्चण्याची अट आहे. १९९८ च्या तंबाखू करारातील पैसा राज्यांनी अंदाजपत्रकाच्या तुटीत जिरवला होता. त्या अनुभवाचे हे शहाणपण. जनतेला हिशेब दाखवण्याची सक्ती मात्र तितकी कडक नाही.

ओहायोचेच पाहा. तेथे ५५ टक्के रक्कम 'वनओहायो' या खासगी प्रतिष्ठानाकडे जाते. त्याची कागदपत्रे एका स्वयंसेवी संस्थेने मागितली, ती मिळाली नाहीत. मे २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठानाला सार्वजनिक नोंदींचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. हा विजय औटघटकेचा ठरला! त्याच वर्षी विधिमंडळाने अर्थसंकल्पी विधेयकात कलम घुसवून प्रतिष्ठानाला त्या कायद्यातून वगळले. शहरे व काउंटींकडे थेट जाणाऱ्या ३० टक्क्यांबाबत मात्र आप्त गमावलेल्या कुटुंबांना आजही स्थानिक मंडळाच्या खुल्या सभेत जाब विचारता येतो.