भंडारदऱ्याच्या वळशाने सायकलवर

आपल्याकडे सायकल म्हटली की दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला माणूस, आणि दुसरे म्हणजे कॅरियरला दप्तर लावून शाळेला निघालेली पोरे. हौसेने सायकल चालवायची आणि तीही घाटात, ही कल्पना आपल्याला जरा चमत्कारिकच वाटते. मला तर एका म्हाताऱ्या बाबांनी तोंडावर विचारले, "काय साहेब, पेट्रोलला पैसं नाहीत व्हय?"

पण अलीकडे रविवारी सकाळी अकोले-घोटीच्या बाजूला तुम्ही गेलात, तर डोक्याला टोप घातलेली, रंगीत कपड्यांतली सायकलवाली मंडळी हमखास दिसतील. नाशिककरांना तर या गोष्टीचे वेडच आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका खंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलीने ओलांडण्याची शर्यत दोघांच्या जोडीने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे ते अंतर. माझा भाचाही त्याच शहरात असतो. तो गेल्या आश्विनात म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर त्या डोंगरात फिरलात. एकदा माझ्याबरोबर सायकलवर चला." माझी पन्नाशी उलटलेली. डॉक्टरांनी साखरेचे नाव काढून चालायला सांगितलेले. म्हटले, चालण्याऐवजी चाक फिरवू.

आम्ही निवडला तो भंडारदरा जलाशयाचा वळसा. शेंडीहून निघायचे, मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत घाटघर गाठायचे, तेथून साम्रद, रतनवाडी, मुतखेल असे येऊन पुन्हा शेंडी. सगळा मिळून चाळीसेक किलोमीटरचा फेरा. एका अंगाला कळसूबाईची रांग. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या अंगाला रतनगड, आणि मधे पाणी. हा सगळा मुलूख १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

सायकलवर गेल्याशिवाय रस्त्याचा चढ कळत नाही, हे मला पहिल्या तासातच उमगले. मोटारसायकलवरून मी हाच रस्ता शेकडो वेळा केला आहे. तेव्हा जो सपाट वाटायचा, तोच आता मांड्या भरून आणत होता. पण त्याचबरोबर दुसरेही एक घडते. वेग कमी झाला की शेत दिसायला लागते. काळभाताच्या लोंब्यांचा काळसर रंग, जिरवेलाचा वास, बांधावरच्या गिरिपुष्पाची दाटी, उतारावरच्या नागली-वरईच्या पट्ट्या, पलीकडे सोनकीने पिवळी झालेली टेकाडे. एका खाचरात चुडांच्या ओळी १५ आणि २५ सेंटिमीटरांवर आलटून पालटून अगदी दोरीत लावलेल्या दिसल्या. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत. मी सायकल टेकवून बांधावर उतरलोच. भाचा पुढे जाऊन अर्धा तास ताटकळत बसला. मोटारसायकलवर असतो तर ते खाचर मला दिसलेही नसते.

घरेही तशीच दिसतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला शेणमातीचा लेप, वर कौले. सिमेंटची घरे वाढत आहेत, पण जुन्या घराच्या ओट्यावर टेकलात की दुपारीही गारवा लागतो. एका ठिकाणी आजीबाईंनी आम्हाला नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. पैसे घ्यायला तयार होईनात. भाच्याने पुष्कळ आर्जव केले तेव्हा, "पोराच्या वहीसाठी ठेव," म्हणून घेतले. या भाकरीचा एक हिशेब सांगतो, कारण आमच्या कृषी पदवीचा एवढा तरी उपयोग व्हावा. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरा. तीनशे मीटर उंची चढायला जेवढी ताकद शरीराला खर्चावी लागते, तेवढी नागलीच्या एका चांगल्या मोठ्या भाकरीत असते. म्हणजे चढाचा दिवस असेल तेव्हा उपाशीपोटी निघू नये. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवावेत (मधुमेह असेल त्याने गूळ-साखरेचे आधी डॉक्टरांना विचारावे), आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घातलेले पाणी घामाच्या दिवसांत उत्तम.

चढ कसा चढावा तेही सांगतो. गिअरची सायकल असेल तर चढ लागण्याआधी हलका गिअर टाकावा. चढात अडकल्यावर जोराने टाकला तर साखळी कुरकुरते, कधी उतरते. साधी सायकल असेल तर बसून, संथपणे, एका लयीत चालवावी. दम सुटला की उतरून चालावे, त्यात कमीपणा काही नाही. रस्त्यावर नागमोडी चालवून चढ सोपा करायची आपल्या पोरांना सवय असते, ती मात्र वळणाच्या रस्त्यावर जिवावर बेतते, कारण वरून येणारी जीप तुम्हाला दिसत नाही.

घाटघरला पोहोचलो तेव्हा कड्यावरून खाली कोकणाकडचा मुलूख धुक्यात होता. या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके पाचशे मिलिमीटरवर पीक काढतात! प्रवरा रतनगडावर उगम पावते, तिला १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या दगडी धरणाने अडवले, आणि ते पाणी कालव्यांनी खाली बागायतीला गेले. उसाची समृद्धी त्या पाण्यावर उभी राहिली. पाणलोटातल्या वाड्यांवर मात्र वैशाखात हंडे घेऊन झऱ्याकडे जाणाऱ्या बायका मी नोकरीत किती वर्षे पाहिल्या आहेत! सायकल चालवताना डाव्या हाताला एवढे पाणी पसरलेले पाहून ही गोष्ट अधिकच टोचली.

आता उताराचे. मी तुम्हाला हे पत्र खरे तर त्यासाठीच लिहिले आहे.

साम्रदहून रतनवाडीकडे येताना एका वाडीच्या फाट्यावर नववीतली एक मुलगी सायकल हातात धरून चालत येताना दिसली. उतार होता, तरी ती बसली नव्हती. मी विचारले, "का गं पोरी, पंक्चर आहे का?" ती म्हणाली, "नाही सर, बिरीक लागत नाही." शाळेतून योजनेत मिळालेली सायकल. पुढच्या ब्रेकचे रबर झिजून पार संपले होते आणि लोखंडी खोबण रिमवर घासत होती. मागच्या ब्रेकची दांडी वाकलेली. दोन वर्षांत कुणी त्याकडे पाहिलेच नव्हते. तिचे वडील बांधावर गवत कापत होते, ते जवळ आले. म्हणाले, "साहेब, मागल्या पावसात ही घसरून पडली, हात मोडता मोडता राहिला. तिची आय म्हणते, दहावीला आता पाठवायची नाही त्या उतारावरनं. चालत जायला दीड तास, परतायला दीड तास. सांजच्याला रान हाय मधी."

म्हणजे पाहा, ब्रेकच्या बोटभर रबरापायी एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती.

मला माझे नोकरीचे पहिले वर्ष आठवले. तेव्हा मीही सायकलवरच फिरायचो. युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे पोते कॅरियरला बांधून भर पावसात उतारावरून निघालो, ब्रेक दाबला, तो लागेचना. वळणावर सायकल, पोते आणि मी असे तिघेही ताज्या लावणीच्या खाचरात. खाचराच्या मालकीणबाईंनी मला हात देऊन उठवले आणि मग चुडांचा जो हिशेब विचारला, तो अजून विसरलो नाही. अंगावर चिखलच आला म्हणून आज हसू येते. बांधाऐवजी दरड असती तर?

असे का होते ते समजून घ्या. चढताना जेवढे वजन पायांनी वर नेले, ते उतरताना सगळे ब्रेकच्या रबरावर येते. त्यातून उष्णता तयार होते. सतत दाबून ठेवलेला ब्रेक रिम तापवतो आणि रबर खातो. म्हणून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर जोराने ब्रेक लावला की चाक सरकते. दोन्ही ब्रेक एकदम वापरावेत. नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, नुसता मागचा लावला तर सायकल फार लांब जाऊन थांबते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या साध्या सायकलींचे रिम लोखंडी, चकचकीत असतात. ते ओले झाले की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. रबराने आधी पाणी पुसले जावे लागते, तेवढ्यात सायकल कितीतरी पुढे गेलेली असते. पावसात उताराच्या माथ्यावरच ब्रेक हलके लावीत निघावे, आणि डबलसीट तर मुळीच बसू नये. कॅरियरवर ओझे असेल तर सरळ उतरून चालावे.

भाच्याजवळ त्याच्या सायकलीचे जादा रबर होते, पण ते या खोबणीत बसेना. तिथे दुरुस्तीचे दुकान नाही, जवळचे म्हणजे राजूर. मी वडिलांना म्हटले, "दादा, आठ दिवस सायकल कुलपात ठेवा, शाळेचे मात्र ठरवू नका." त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या दगडी मंदिरापाशी आम्ही थांबलो. पुष्करणीच्या पायरीवर बसून भाचा नकाशा काढून पुढच्या वेळची आखणी करीत होता. माझे लक्ष नव्हते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी राजूरला ब्रेकच्या रबरांच्या सहा जोड्या घेतल्या. एका जोडीला चहा-भज्यांपेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. दोन पाने, एक पक्कड आणि तेलाची डबी घरातलीच. शनिवारी वाडीवर गेलो. एका बाजूचे रबर मी बसवले, दुसऱ्या बाजूचे त्या मुलीने स्वतः बसवले. रबर रिमवरच घासले पाहिजे, टायरला लागता कामा नये, हे तिला एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. मग वाकलेली दांडी दगडावर ठेवून वडिलांनी सरळ केली. आई दारात उभी राहून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "उतारावरनं एकदा जाऊन दाव." मुलगी गेली, खालच्या आंब्यापाशी थांबली, आणि सायकल ढकलीत वर आली. आई काही बोलली नाही. चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात शेजारच्या दोन घरांतून सायकली आल्या, मग आणखी दोन. त्या दिवशी एकूण पाच झाल्या. सहावीचा मागचा रिम इतका वाकडा होता की ती राजूरला नेल्याशिवाय इलाज नव्हता. ती भाताच्या पोत्यांबरोबर टेम्पोत टाकली, तेव्हा साडेपाच वाजले होते.