कोहळ्याची बिअर चाखताना

दिवाळी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात आणि पुण्यामुंबईला, क्वचित अमेरिकेला गेलेली मंडळी घरी येतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या बॅगेतून ‘पम्पकिन एल’ची बाटली निघाली, तर ती घाईने रिकामी करू नका. तिच्यात शोधण्यासारखं बरंच असतं.

पम्पकिन म्हणजे आपलं कोहळं. पुण्याकडे कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा डोळ्यांपुढे येतो. इथे आपण ज्याची गूळ घालून बोंडं तळतो, तो तांबडा भोपळा समजावा. एल ही बिअरचीच एक जात. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात मुरवतात. ते गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांसोबत उकळतात आणि यीस्ट घालून आंबवतात. एल लागर बिअरपेक्षा उबदार हवेत आंबते, म्हणून तिच्यात फळांसारखा वास उतरतो.

या बिअरमध्ये कोहळं असतं, पण सहसा कळत नाही. त्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे उरते जरा जाडसर चव. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींत जवाचा तुटवडा होता, तेव्हा लोक कोहळ्यावर भागवत. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बिल ओवेन्स यांनी ती जुनी कल्पना पुन्हा करून पाहिली. कोहळ्याची चवच लागेना, म्हणून त्यांनी ‘पम्पकिन पाय’ या भोपळ्याच्या गोड पदार्थाचा मसाला आणून त्यात घातला. आज आपल्याला येतो तो वास त्या मसाल्याचा.

म्हणून बाटली उघडण्याआधी नाकाला ओळख करून द्या. चार बशांत दालचिनीचा तुकडा, किसलेलं जायफळ, लवंग आणि सुंठ ठेवा; पाचवीत मीठही न घातलेली वाफवलेली कोहळ्याची फोड. एकेक हुंगा. ही तयारी बहुतेक जण टाळतात आणि मग ‘काहीतरी मसालेदार आहे’ याच्या पुढे जाता येत नाही.

आता थंडावा. फ्रिजमधून काढल्याकाढल्या प्यायलं तर जीभ बधिर होते आणि मसाला लपतो. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. दहा-बारा अंश पुरे.

पेला काचेचा घ्या. तेलकट हात किंवा साबणाचा अंश लागला असेल तर फेस बसतो, आणि फेस गेला की वासही गेला. पेला तिरका धरून ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या.

रंग पाहा: साधारणपणे नारिंगी ते तांबूस. थोडा गढूळपणा असला तरी हरकत नाही.

मग वास. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर अंगणात या. पेला हलकेच फिरवा, एक छोटा श्वास घ्या, थांबा, पुन्हा घ्या. पहिल्यांदा बहुधा दालचिनी सापडते, जायफळ उशिरा. लवंगेचा वास आला तरी लवंग घातलीच असेल असं नाही. काही यीस्ट तो स्वतःच तयार करतात.

छोटा घोट घेऊन जिभेवर फिरवा. आधी माल्टचा भाजका गोडवा, मग मसाला, शेवटी हॉप्सचा कडवटपणा. माझ्या मते चांगल्या बाटलीत मसाला माल्टच्या मागे चालतो. गिळल्यावर घसा कोरडा पडला किंवा औषधी काढ्यासारखं वाटलं, तर मसाला जास्त झाला. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बाटली जुनी आहे. मसाल्याचा वास महिन्यागणिक विरत जातो, म्हणून वरची तारीख आधी वाचा. उन्हात पडलेल्या बाटलीला उग्र दुर्गंधी येते. ती सरळ ओतून द्या.

दोन घोटांमध्ये मुरमुरे किंवा साधा भात खा. भात आपल्याकडे कमी नाही. तिखट रस्सा नंतर.

अर्धा पेला चाखायला पुष्कळ. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि प्यायल्यावर गाडी चालवायची नाही. अर्जुनी मोरगावहून पुढे वडसा-कुरखेड्याच्या पाहुण्यांकडे जाणार असाल, तर बाटली घरीच राहू द्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे.