शब्दांचे छल
"हा मुलगा नवकंबलधारी आहे," असे म्हणताच प्रतिवादी विचारतो, "नऊ कांबळी कोठे? एकच तर दिसते!" 'नव' म्हणजे नवे, हे जाणूनही शब्द वळविणे, यास न्यायशास्त्र 'वाक्छल' म्हणते.

वात्स्यायनांच्या न्यायभाष्यातील हे उदाहरण आजही जुने झालेले नाही. प्रचारसभेत खराब रस्त्याविषयी विचारले, तर "तुमच्या काळात काय होते?" असे उत्तर मिळते. घरात सुनेने खर्चाचा हिशेब विचारला, तर "तू कालची आलेली" असे ऐकावे लागते. पहिल्यात प्रश्न टळतो. दुसऱ्यात मुद्दा सोडून माणूस तोलला जातो. रस्ता खराबच राहतो, हिशेबही अपुरा.

म्हणून उत्तर ऐकताच एवढेच पाहावे: मूळ प्रश्न सुटला का? आपल्या उत्तरालाही तेच विचारावे. खरी कसोटी तेथेच लागते.