कोणती प्रत खरी?

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवला की तो सुरक्षित झाला, हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा जुना भरवसा. एक डिस्क बंद पडली की दुसरी हाताशी असते, इथपर्यंत तो खराही आहे. पण डिस्क बंद न पडता चुकीचं वाचून दाखवू लागली, तर खरी प्रत कोणती हे ठरवायचं कोणी? युनिक्सच्या जगात बहुतेक ठिकाणी हे काम बराच काळ कोणाकडेच नव्हतं, आणि याचं मूळ कामाच्या वाटणीत आहे. फाइलसिस्टिम मुळात एका डिस्कसाठी लिहिलेली. डिस्क अपुरी पडू लागली, तेव्हा तिला हात न लावता खाली व्हॉल्यूम मॅनेजर सरकवला गेला. तो अनेक डिस्क जोडून वर एकच मोठी डिस्क असल्याचं भासवतो. एचपी-यूएक्स, एआयएक्स आणि पुढे लिनक्सचा एलव्हीएम याच वाटेने गेले. सोय मोठी झाली, पण प्रती कुठे आहेत हे ज्याला ठाऊक त्याला त्यांतला मजकूर कळत नाही, आणि मजकूर जिला कळतो त्या फाइलसिस्टिमला दुसरी प्रत आहे याचा पत्ताच नाही. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये मिररच्या दोन बाजू जुळल्या नाहीत आणि ‘रिपेअर’ सांगितलं, तर तो एक प्रत खरी धरून दुसरीवर उतरवतो. याला दुरुस्ती म्हणणं धाडसाचंच.

डिस्कमध्ये स्वतःची चूक-दुरुस्ती असतेच, मग असं घडतं किती वेळा, असा आक्षेप येतो. २००८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटअ‍ॅपच्या संशोधकांनी १५ लाख ३० हजार डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळल्याच्या चार लाखांहून अधिक घटना निघाल्या. स्वस्त डिस्कमध्ये प्रमाण जास्त होतं, पण महागड्याही सुटल्या नव्हत्या. शिवाय डिस्क फक्त सेक्टरवर जे उमटलं ते शाबूत आहे का, एवढंच पाहते. फर्मवेअरने योग्य डेटा भलत्याच जागी लिहिला, किंवा न लिहिताच ‘लिहिलं’ असं कळवलं, तर तिच्या लेखी सगळं आलबेल.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी २००१ मध्ये हाती घेतलेल्या झेडएफएसने फाइलसिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजर यांची दोन्ही कामं एकत्र केली. पूल, स्नॅपशॉट या सोयी गाजल्या. पण खरी करामत चेकसमच्या जागेत आहे. तो ब्लॉकजवळ न ठेवता त्या ब्लॉककडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतात, त्याचा त्याच्याही वरच्यात, असं थेट मुळापर्यंत. चेकसम ब्लॉकशेजारीच असता, तर न झालेल्या लेखनानंतर जुना ब्लॉक आणि त्याचा जुना चेकसम एकमेकांशी छान जुळले असते. इथे वरच्या ब्लॉककडे नवा चेकसम असतो, म्हणून लबाडी वाचतानाच उघडी पडते. मग दुसऱ्या डिस्कवरची जुळणारी प्रत वाचणाऱ्याला मिळते आणि बिघडलेली तिच्यावरून नीट केली जाते.

लिनक्स कर्नलचे विकासक अँड्र्यू मॉर्टन यांनी कामं अशी एकत्र करण्यावर ‘थरांची सीमा मोडली’ असा ठपका ठेवला होता. वेगळे थर स्वतंत्रपणे तपासता, बदलता येतात, हे खरंच. आता एलव्हीएमलाही डीएम-इंटिग्रिटी जोडून प्रत्येक सेक्टरचा चेकसम ठेवता येतो आणि त्याने बरेच बिघडलेले सेक्टर पकडले जातात. पण तो चेकसम त्याच डिस्कवर असतो; दोन्ही मिळून जुने राहिले तर ओळखणारा वर कोणी नाही, आणि जर्नल वापरलं तर डेटा दोनदा लिहावा लागतो. सीमा जपण्यासाठी एवढी किंमत मला पटत नाही. परवान्याची अडचण मात्र खरी आहे: झेडएफएसचा सीडीडीएल परवाना लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नसल्याने ते मूळ कर्नलमध्ये नाही, आणि कर्नल बदलला की मॉड्यूल जुळेपर्यंत थांबावं लागतं. लहानशा, रोज नव्याने उभ्या होणाऱ्या सर्व्हरला एक्स्ट-फोर आणि एलव्हीएम पुरेत. वर्षानुवर्षं जपायच्या नोंदींना ते पुरेसे नाहीत.

झेडएफएस घेतलेल्यांसाठी एक सूचना. चेकसम वाचताना तपासला जातो, न वाचलेल्या फायलींचा नाही. म्हणून महिन्यातून एकदा ‘झेडपूल स्क्रब’ चालवा. स्टेटसच्या चेकसम रकान्यात शून्याऐवजी आकडा दिसला, तर ‘क्लिअर’ मारून तो पुसण्याआधी केबल, कंट्रोलर आणि मेमरी तपासा. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण चुकून दिलेली ‘आरएम’ कमांड पूलमधल्या सगळ्या प्रतींना सारखीच लागू होते.