नायट्रसचा वेग आणि इंधनाचे गणित

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला या टापूत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. गुळगुळीत रस्ता मिळाला की तरुण मनाला वेगाचा मोह पडतोच. चित्रपटांत आणि इंटरनेटवरील चित्रफितींत एक बटण दाबताच मोटार तिरासारखी सुटताना दिसते. ते बटण नायट्रस ऑक्साइडचे असते. त्यामागे इंधनाचे जे काटेकोर गणित असते, ते मात्र पडद्यावर दिसत नाही.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा हास्यवायू. तो स्वतः इंधन नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर नायट्रसमध्ये तो ३६ टक्के असतो. सिलिंडरमधील उष्णतेने या वायूचे विघटन होते आणि प्राणवायू मोकळा होतो. शिवाय द्रवरूप नायट्रसचे वायूत रूपांतर होताना आत येणारी हवा थंड होते, म्हणजेच अधिक घन होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी विरळ हवेच्या उंचीवर याच गुणाचा उपयोग करून घेतला होता.

प्राणवायू वाढला की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढलेच पाहिजे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हेच काम सुमारे ९.६ किलो नायट्रस करते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण विरळ होते, सिलिंडरमधील तापमान भडकते, इंजिन नॉक करू लागते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळू शकतो. नायट्रसमुळे जळालेल्या अनेक इंजिनांचे मूळ कारण नायट्रस नसून इंधनाची उपासमार हे असते.

इंजेक्टर मोठा का लागतो?

नायट्रसची जोडणी दोन प्रकारची असते. ‘ओल्या’ पद्धतीत नायट्रसबरोबरच जादा पेट्रोलही वेगळ्या नोझलमधून सोडले जाते. ‘कोरड्या’ पद्धतीत केवळ नायट्रस सोडला जातो आणि जादा पेट्रोल इंजिनाच्या मूळ इंजेक्टरनीच पुरवावे लागते. इंजेक्टर बदलण्याचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या पद्धतीत येतो.

एक उदाहरण घेऊ. चार सिलिंडरचे ८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर एकूण १८ किलो, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमागे साडेचार किलो पेट्रोल लागेल. मिनिटाला हे सुमारे १०० घनसेंटिमीटर होते. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर एका आवर्तनास अवघे २० मिलिसेकंद मिळतात आणि त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे १६ मिलिसेकंदांपलीकडे इंजेक्टर उघडा राहू नये, असा संकेत आहे. म्हणून १२७ घनसेंटिमीटरचा इंजेक्टर हवा. आता त्यावर ४० अश्वशक्तीचा नायट्रस चढवला की हीच गरज किमान १९० वर जाते. शिवाय २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉलला हवा कमी आणि त्यामुळे इंधन अधिक लागते. हे जमेस धरता आकडा २०५ च्या आसपास पोहोचतो.

इंधनाचा दाब वाढवून भागेल, असे काहींना वाटते. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब ३ बारवरून ४ बारवर नेला, तरी पेट्रोल केवळ १५ टक्क्यांनी वाढते. उलट मूळ पंपावर ताण येतो, तो वेगळाच. तेव्हा इंजेक्टरबरोबर इंधनपंपाची क्षमताही तपासावी लागते.

मोठे इंजेक्टर बसवले म्हणजे काम संपले, असेही नाही. गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, नव्या इंजेक्टरचे माप सांगावे लागते. अन्यथा तो जुन्याच हिशेबाने झडप उघडतो, इंजिनात पेट्रोल ओसंडते, आयडलिंग बिघडते आणि मायलेज घसरते. चारही इंजेक्टर एकाच प्रवाहाचे, बेंचवर तपासून घेतलेले असावेत. एक जरी कमी सोडणारा निघाला, तरी त्याचाच सिलिंडर प्रथम बळी जातो. ट्रॅक्टरच्या डिझेल नोझलवर हात बसलेल्या आपल्याकडील कारागिरांना या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

वऱ्हाडाचे ऊन

परदेशी माहितीपुस्तिकांत नायट्रसची टाकी गरम कशी ठेवावी, हे सांगितलेले असते. वऱ्हाडात प्रश्न नेमका उलटा आहे. ३६.४ अंश सेल्सिअस हे नायट्रसचे क्रांतिक तापमान होय. त्यापलीकडे तो कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही. वीस अंशांना टाकीतील दाब वातावरणाच्या सुमारे ५० पट असतो, तर क्रांतिक तापमानाला तो ७० पटींच्या पुढे जातो. अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेला आणि उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला. अशा दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीतील टाकीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. सकाळी बसवलेले माप दुपारी खोटे ठरते. नायट्रसचा प्रवाह बदलतो, पेट्रोलचा बदलत नाही, आणि इंजिनाचा तोल जातो. टाकीची सुरक्षा चकती फुटून वायू बाहेर पडण्याचा धोकाही असतोच.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो, तो भाग निराळा.

याचा अर्थ हे तंत्र शिकूच नये, असा नव्हे. इंजेक्टरचे हे गणित ज्याला उमगले, त्याला कोणत्याही आधुनिक इंजिनाचा स्वभाव उमगला. कोइम्बतूर आणि चेन्नईजवळच्या शर्यतपट्ट्यांवर, महासंघाच्या नियमांच्या चौकटीत ही हौस भागवता येते. तेथे अग्निशामक दल असते, रुग्णवाहिका असते आणि समोरून कापसाची गाडी येत नाही. एमएच-२७ असो वा एमएच-३०, आपल्या महामार्गावर मात्र ती येते. पिस्टन बदलून मिळतो. घरी वाट पाहणाऱ्यांना त्यांचा मुलगा बदलून मिळत नाही.