‘रद्द’ या शब्दात काय काय बसतं?

तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ चहा पिताना एका शेतकऱ्याच्या तोंडून ‘सेटासाईड’, म्हणजे निवाडा रद्द करणं, हा शब्द ऐकला, आणि त्याच्यासोबत मी धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात गेलो. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्याचं रान गेलंय. मावेजा कमी म्हणून तो लवादाकडं गेला, तिथंही भागलं नाही म्हणून इथं अर्ज.

पुकारा झाला, हजेरी लागली, पुढची तारीख पडली. माझं लक्ष मात्र त्याच्या वकिलांच्या बोटावर. १९९६ च्या लवाद कायद्याचं फाटकं पुस्तक, कलम ३४, आणि लवादाचा निवाडा ‘रद्द करता येईल’ या शब्दांखाली टेकलेलं ते बोट. रद्द करता येतो, पण दर वाढवता येतो का? सगळं भांडण एवढंच.

२०२१ मध्ये एम. हकीम खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. १९४० च्या कायद्यात कलम १५ खाली फेरफाराचा अधिकार स्पष्ट होता. नव्या कायद्यात तो नाही, म्हणजे संसदेनं तो जाणूनबुजून गाळला. वकील सांगत होते, प्रकरण तमिळनाडूतल्या महामार्गाचं. चौरस मीटरला ४६.५५ ते ८३.१५ रुपये मिळाले होते, जिल्हा न्यायालयानं ६४५ केले. गंमत अशी, की असा अधिकारच नाही असं म्हणूनही सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालात हस्तक्षेप केला नाही.

“सहाशे पंचेचाळीस!” शेतकऱ्याला तेवढंच ऐकू आलं. “आमाला तेवढं नगं वकीलसाहेब, पर निवाडा रद्द करून पुन्हा त्याच लवादाच्या दारात कशाला धाडता?”

एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठानं गायत्री बालसामी खटल्यात चार विरुद्ध एक मतानं ‘रद्द करता येईल’ हेच शब्द सैल केले. ज्याला सगळं रद्द करता येतं, त्याला वेगळा काढता येणारा भाग रद्द करता येतो. हिशेबाची चूकही सुधारता येते. न्या. विश्वनाथन यांची भिन्नमतपत्रिका सांगते, कायद्यात नसलेला अधिकार न्यायालयानं निर्माण करू नये. तर्काला ते धरून आहे. पण व्यापारी आपला लवाद करारानं निवडतात, महामार्गाच्या भूसंपादनात तो केंद्र सरकार नेमतं. नुसतं कलम ३४ वाचून हा फरक कळत नाही.

“सहाशे पंचेचाळीस,” जिना उतरताना तो पुन्हा पुटपुटला. जमिनीचा दर गुणदोषांवर नव्यानं ठरवणं २०२५ च्या सवलतीतही बसत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली तलावासाठी रान गेलेल्याचा दर मात्र दिवाणी न्यायालय स्वतः वाढवू शकत असे. महामार्गवाल्यांनाही ती वाट हवी, आणि ते मागणं न्यायाधीशांकडं नव्हे, आपल्या खासदाराकडं करायला हवं.